अजिंठ्याच्या हत्तीला मरण कळलं होतं का?

जळगाव-धुळ्यात पोळ्याला आपण बैलाला सजवतो, ओवाळतो. पण एक दिवस आपण मरणार, हे त्या बैलाला कळत असेल का?

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या १० नंबरच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी छद्दंत जातक रंगवलं गेलं. पाचव्या शतकात १७ नंबरमध्ये पुन्हा तीच गोष्ट आली. सहा सुळ्यांचा गजराज. पूर्वजन्मीच्या रागातून राणी त्याच्यावर शिकारी पाठवते. बाण लागतो, मरण समोर दिसतं, तरी तो सुळे कापायला स्वतःच मदत करतो. ते सुळे पाहून राणीच कोसळते.

अर्थात, हा हत्ती म्हणजे बोधिसत्त्व. त्याला मन दिलं ते माणसाने.

आता खरे हत्ती बघा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर बंगालच्या चहामळ्यांतल्या ५ मेलेल्या पिल्लांची नोंद आहे. कळपाने त्यांना चरात नेऊन, पाय वर राहतील असं मातीत पुरलं होतं. म्हणजे ‘हे पिल्लू आता उठणार नाही’, एवढं त्यांना उमगत असावं. पण ‘उद्या मीही जाणार’ हे? ते सिद्ध करणारा पुरावा अजून नाही.

अजिंठ्याला गेलात, तर तो गजराज नक्की शोधा. आणि तुमच्या बैलाबद्दल तुम्हाला काय वाटतं, तेही कळवा!