भवानी पेठेचा मुक्काम

आसेगावच्या वारकऱ्याला पुणं म्हणजे शनिवारवाडा नव्हे, भवानी पेठ! माउलींची पालखी तिथल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते, तुकोबारायांची शेजारच्या नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला. दोन रात्री मुक्काम.

नाना पेठेला नाव नाना फडणवीसांचं, पण या वस्तीचा स्वभाव घडवला हमालांनी. भुसार बाजार गुलटेकडीला जाण्याआधी इथंच होता. क्विंटलाची पोती वाहून पाठ वाकायची. बाबा आढावांच्या पुढाकारानं १९५५ साली हमाल पंचायत झाली. १९७४ साली 'कष्टाची भाकर' निघाली, गरिबाला परवडेल अशी.

आम्हीही तुरीची पोती उचलणारी माणसं. म्हणून इथं ओळख लवकर होते. मुक्कामात कोणी आमची तुटकी पायताणं शिवून देतं, कोणी दाढी करून देतं. पैसे विचारले तर रागावतात.