बदामभाकरे

आडनावांच्या बाबतीत आपण मराठी माणसं भलतीच खवय्यी आहोत. साखरे, तुपे, दहिभाते... यादी करायला बसलं तर पूर्ण ताट वाढून होईल. आमच्या सोलापूर जिल्ह्यात माढ्याकडे भाजीभाकरे आहेत. या आडनावाला हसणारे पुण्या-मुंबईचे लोक भेटतात, तेव्हा मी त्यांना एक प्रश्न विचारतो. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गणिती आकृतीचं नाव काय, आणि त्याचा अर्थ काय?

आकृती सगळ्यांनी पाहिलेली असते. काळा, फुगीर, मधमाशीसारखा आकार, त्याला चिकटलेले गोळे, त्या गोळ्यांना आणखी लहान गोळे, आणि कडेला नक्षीचे धुमारे. कुठेही भिंग धरा, आत नवं काहीतरी निघतंच. तो मँडेलब्रॉट संच. 'मांडेल' म्हणजे बदाम आणि 'ब्रोट' म्हणजे पाव. जर्मनमध्ये तसं, आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतही जवळपास तसंच. म्हणजे आपल्या भाषेत सरळ बदामभाकरे!

हा पदार्थ खरोखरचा आहे बरं का. कणकेचा लांबट गोळा भाजायचा, त्याचे काप करायचे आणि ते पुन्हा भाजायचे. खडखडीत होतात, बरेच दिवस टिकतात. आमची ज्वारीची कडक भाकरी डोळ्यासमोर आणा. प्रवासात शिदोरी म्हणून बांधून न्यावी अशी.

आणि या घराण्याला प्रवास खूप करावा लागला. बेन्वा मँडेलब्रॉट यांचा जन्म १९२४ साली वॉर्सात, लिथुआनियाकडच्या ज्यू कुटुंबात झाला. वडील कपड्यांच्या व्यापारात, आई दंतवैद्य. युरोपातली हवा बिघडत चालली तसं १९३६ मध्ये हे कुटुंब पोलंड सोडून फ्रान्सला आलं. तिथे त्यांचे काका होते, शोलेम. मोठे गणिती. पुढे १९३८ मध्ये पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. मग जर्मन फौजा फ्रान्समध्ये आल्या. युद्धाची वर्षं बेन्वांनी मध्य फ्रान्समधल्या त्यूल गावाच्या आसपास काढली, शाळा अर्धवट, सतत पकडलं जाण्याची धास्ती. त्या दिवसांत असं आडनाव म्हणजे गळ्यात अडकवलेली पाटीच. ज्या भाषेत त्याचा अर्थ बदामपाव होतो, त्याच भाषेत जीव घेण्याचे हुकूम निघत होते.

युद्ध संपलं, माणूस वाचला. १९५८ मध्ये ते अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात लागले आणि पस्तीस वर्षं तिथेच राहिले. १९७५ मध्ये त्यांनी 'फ्रॅक्टल' हा शब्द घडवला, लॅटिन 'फ्रॅक्टस' म्हणजे तुटलेलं, भंगलेलं यावरून. (कडक भाकरी मोडल्यावर तिची कड कशी दिसते ते आठवा. तेच.)

आता संचाबद्दल थोडं. एक संख्या ठरवा. शून्यापासून सुरुवात करा. हातातल्या संख्येचा वर्ग करायचा आणि ठरवलेली संख्या त्यात मिळवायची. जे उत्तर येईल त्याचा पुन्हा वर्ग, पुन्हा मिळवणी. ठरवलेली संख्या १ असेल तर ०, १, २, ५, २६... उधळली! ती संचाबाहेर. उणे १ असेल तर ०, -१, ०, -१... आपली घरातल्या घरात येरझाऱ्या घालते. ती संचात. हाच खेळ प्रतलावरच्या संमिश्र संख्यांवर खेळला की ते चित्र उमटतं. एवढ्याशा नियमातून!

हा खेळ मँडेलब्रॉट यांनी शोधला नाही. फातू आणि ज्युलिया या फ्रेंच गणितींनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच त्याचा पाया घातला होता. ज्युलियाने तर लढाईत नाक गमावलं होतं. पण त्यांच्याकडे संगणक नव्हता. १९७८ मध्ये ब्रूक्स आणि माटेल्स्की यांनी संचाचं ओबडधोबड चित्र काढलं, १९८० मध्ये मँडेलब्रॉट यांनी आयबीएमच्या यंत्रांवर ते बारकाईनं पाहिलं. नाव मात्र त्यांनी स्वतः दिलं नाही, ते दुआदी आणि हबर्ड यांनी त्यांच्या सन्मानार्थ दिलं. याच दोघांनी १९८२ मध्ये एक सुंदर गोष्ट सिद्ध केली. मुख्य आकारापासून दूर सुटी बेटं वाटतात ती सुटी नाहीतच, संच सगळा जोडलेला आहे.

नावांचा विषय निघाला की मला आपले देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवतात. त्यांचाही खेळ तोच, आलेलं उत्तर पुन्हा त्याच नियमात घालायचं. चार आकडे (सगळे सारखे नकोत) उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. त्या संख्येला जगाने त्यांचं नाव दिलं. त्यांनी स्वतः काय केलं? १२१, १२३२१ अशा संख्यांना डोंबिवली स्टेशनवरून 'डेम्लो' म्हटलं, दुसऱ्या एका प्रकाराला देवळालीचं नाव दिलं आणि तिसऱ्याला 'हर्षद', आनंद देणारी. आपल्या गावाची लाज वाटणारा माणूस असं करत नाही.

हे सगळं लिहायचं कारण माझा पुतण्या. तो जर्मनीत असतो, पुढच्या महिन्यात बाळ येतंय. बाळाच्या दाखल्यावर आमचं आडनाव नको, असं त्याच्या मनात आहे. (आमचं आडनाव काय ते नातेवाइकांना माहीत आहे, इतरांनी ताट आठवून अंदाज करावा!) लांबलचक आहे, कुणाला उच्चारता येत नाही आणि अर्थ सांगितला की लोक हसतात, हे त्याचं म्हणणं. घरात यावरून रुसवेफुगवे झालेत. दादा त्याच्याशी धड बोलत नाही.

मी मध्ये पडणार नाही. फक्त एक तपशील दोघांपुढे ठेवतो. शोलेम काकांच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'जे' जास्त आहे, पुतण्याच्या नाही. एकाच घरात दोन स्पेलिंगं, म्हणून नातं तुटलं नाही. तेव्हा बाळा, आडनाव हवं तर आखूड कर, स्पेलिंग सोपं कर. पण मुळातून काढून टाकायच्या आधी इतकंच बघ, तू ज्या देशात राहतोस तिथल्या कुठल्याही बेकरीवाल्याला मँडेलब्रॉटचा अर्थ कळतो, आणि तरी त्या गणितीला ते कधी बदलावंसं वाटलं नाही. उलट मधलं नाव नव्हतं तर त्यांनी आपणहून एक 'बी' घालून घेतला. त्यावर विनोद आहे, की या 'बी'चं पूर्ण रूप काय? तर बेन्वा बी. मँडेलब्रॉट :)

दादा, तूही हे वाचशील. फोन तू कर.