आकाशातले हमाल

युद्धाचा इतिहास आपण वाचतो तो तलवारींचा आणि तोफांचा. ती तोफ डोंगरावर कुणी चढवली, दाणागोटा कुणी पोचवला, जखमींना खाली कुणी आणलं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. पूर्वी हे काम बैल, हत्ती, खेचरं आणि हमाल करत. गेल्या साठेक वर्षांत त्यातलं बरंचसं अवजड हेलिकॉप्टरांनी अंगावर घेतलं. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दोन पंख्यांचं, लांबट पोटाचं एक हेलिकॉप्टर टीव्हीवर आपण पाहिलं असेल. ते चिनूक, याच हमालांपैकी एक.

आपल्या हवाई दलात अशी दोन जातींची हेलिकॉप्टरं आली. पहिलं सोव्हिएत बनावटीचं एमआय-26, 1986 साली. डोक्यावर आठ पात्यांचा एकच पंखा, त्याचा घेर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 32 मीटर, आणि उचलण्याची ताकद 20 टन. दुसरं अमेरिकन चिनूक. 15 चिनूकांचा करार 2015 मध्ये झाला आणि 25 मार्च 2019 रोजी चंडीगडला त्यातली पहिली सेवेत दाखल झाली. उचलतं साधारण दहा टन, म्हणजे निम्मंच. मग ते घेतलं कशाला?

त्याचं उत्तर त्या दोन पंख्यांत आहे. डोक्यावरचा पंखा फिरू लागला की खालचं धड उलट्या दिशेनं फिरू पाहतं. ते थोपवायला शेपटीला छोटा पंखा लावतात आणि थोडी शक्ती त्यात खर्च होते. चिनूकचे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे सगळी शक्ती वजन उचलायला मिळते. पहाडातल्या विरळ हवेत प्रत्येक हेलिकॉप्टरची ताकद घटते, तिथे हे फार कामाचं. चार टनांहून जास्त वजनाची एम-777 तोफ पोटाखाली टांगून ते उंच ठाण्यावर नेऊ शकतं.

या हमालाला लढवय्या करून पाहण्याचा प्रयोगही झाला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनं चार चिनूकांवर तोफा आणि बंदुका चढवल्या. चारपैकी तीन नष्ट झाली आणि तो नाद सोडून द्यावा लागला. 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांचं चिनूक नेणारं ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे जहाज क्षेपणास्त्रानं पेटलं. त्या वेळी हवेत होतं म्हणून एकच चिनूक वाचलं. त्या एकट्यानं सुमारे 1,500 सैनिक, 95 जखमी आणि 650 युद्धकैदी वाहिले. ज्या फळीवरून आपले सैनिक गेले, तिच्यावरूनच शत्रूचे कैदीही आले.

मोठ्या पोटाचा धोकाही मोठा. 19 ऑगस्ट 2002 रोजी चेचन्यात ग्रोझनीजवळ एमआय-26 खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आत कोंबलेली होती. 127 जण गेले.

आता आपला, श्राविकांचा प्रश्न. हे यंत्र स्वतः गोळी झाडत नाही, तोफ नुसती पोचवतं. मग ते निर्दोष म्हणायचं का? आपल्या जपमाळेचे 108 मणी कसे मोजतात, हे पाठशाळेत शिकलेल्यांना आठवेल. मन, वचन, काया. त्यातच कृत, कारित, अनुमोदना, म्हणजे स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि मान डोलावून पसंत केलेलं. या हिशोबात ओझं वाहणारा सुटत नाही, आणि टीव्हीसमोर टाळ्या वाजवणारे आपणही सुटत नाही. संकटात स्वतःचं रक्षण करताना होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला टळत नाही, हेही आपल्याच शास्त्रानं मानलंय. पण टळत नाही म्हणून तिचं कौतुक करावं, असं कुठेच म्हटलेलं नाही.

हाच हिशोब पुण्यालाही लागू आहे, आणि त्यासाठी केदारनाथकडे बघावं. आमच्या खजरान्याच्या गणपतीचं देऊळ अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेलं आहे. त्याच अहिल्याबाईंनी केदारनाथला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. तेव्हा वर जाणारं सामान माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवरच चढत असे. जून 2013 च्या प्रलयात ती वाटच वाहून गेली. तेव्हा एमआय-26 नं गौचरला इंधन पोचवलं, ते भरून लहान हेलिकॉप्टरांनी माणसं बाहेर काढली. मोठ्यानं एकालाही हात देऊन ओढलं नसेल, तरी करवण्यात त्याचा वाटा आहेच. 25 जूनला मृतांच्या अंत्यसंस्काराचं सामान वर पोचवून परतणारं एमआय-17 हे मध्यम हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळलं आणि 20 जवान गेले. पुढे उभारणीसाठी जड यंत्रं एमआय-26 नं आणि नंतर चिनूकनं केदारनाथला उतरवली.

घरातली मुलं विचारतात, सगळ्यात ताकदवान कोणतं? टनांचा आकडा त्यांना जरूर सांगावा. त्याबरोबर कोणत्या दिवशी पोटात काय होतं, तेही सांगावं. तोफ होती, कैदी होते, इंधन होतं, की चितेची लाकडं. यंत्र तेच राहतं. काय भरून पाठवायचं हे माणसं ठरवतात, आणि ती माणसं निवडून देणाऱ्यांत आपणही आहोत.