मिनिटाला चाळीस शब्द

कल्याणच्या आमच्या टायपिंग क्लासात पत्रलेखनाचा सराव म्हणून मी मुलांना स्वतःचाच नोकरीचा अर्ज टाइप करायला लावत असे. 1970 नंतरच्या त्या वर्षांत समोर येणाऱ्या बहुतेक अर्जांचा सूर एकच असायचा. घरची परिस्थिती हलाखीची, वडील गिरणीत, पाठची भावंडं शिकताहेत, तरी साहेबांनी कृपाळू होऊन सेवेची संधी द्यावी, मी जन्मभर ऋणी राहीन. पान भरलेलं असायचं, पण या माणसाला काय येतं, हे त्यात कुठेच नसायचं. मी कागद परत देऊन विचारायची, "तुझा स्पीड किती?"

"पस्तीस, बाई."

"मग ते पहिल्या ओळीत घाल. भावंडं राहू देत."

आपला मराठी मध्यमवर्ग नोकरी मागायला कसा शिकला, याचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्यात गल्लोगल्लीच्या या क्लासांना मोठं प्रकरण द्यावं लागेल, असं मला मनापासून वाटतं. शाळेनं आम्हाला दाखला दिला, कॉलेजनं पदवी दिली. पण 'मला हे येतं, आणि एवढं येतं' असं मान वर करून सांगण्याची सवय लागली ती टायपिंगच्या मशीनवर.

तसं पाहिलं तर टंकलेखनाचा धंदा पहिल्यापासूनच करून दाखवण्याचा. रेमिंग्टन कंपनीचं यंत्र अमेरिकेत 1874 च्या सुमारास बाजारात आलं, तेव्हा लोक कळफलकाकडे बघत दोन-चार बोटांनीच टाइप करत. 25 जुलै 1888 रोजी सिनसिनाटी शहरात एक जाहीर शर्यत झाली. सॉल्ट लेक सिटीतला कोर्टाचा लघुलेखक फ्रँक मॅकगुरिन याने कळफलक पाठ केला होता आणि तो न बघता सगळ्या बोटांनी टाइप करायचा. ती शर्यत त्यानं जिंकली आणि त्याची पद्धत जगभर पसरली. आमच्या क्लासात बोटांवर लाकडी झाकण असायचं, ते याच पद्धतीमुळे. नव्या मुलांना त्याची भीती वाटे. आपलीच बोटं आपल्याला दिसत नाहीत, मग अक्षर बरोबर पडणार कसं? पंधरवडाभर 'ए एस डी एफ' घोटल्यावर ती भीती जायची.

मुंबईत व्यापारी शिक्षणाची सुरुवात जुनी आहे. दावर कॉलेज 1900 सालचं. कचेऱ्यांमध्ये टायपिस्ट म्हणून आधी दिसल्या त्या मुख्यतः पारशी, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली. मराठी घरातली मुलगी तिथवर पोचायला पुष्कळ काळ गेला. 1955 साली गोदरेजनं देशी बनावटीचं यंत्र आणलं आणि पुढे जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावी क्लास निघू लागले. नोकऱ्यांच्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवण्याची सक्ती करणारा 1959 चा कायदा 1 मे 1960 पासून लागू झाला, म्हणजे बरोबर महाराष्ट्र राज्य जन्मलं त्या दिवशी. एक्स्चेंजच्या कार्डावर टायपिंगची नोंद असली की कॉल येण्याची आशा वाढायची. मग 1964 चा राजभाषा अधिनियम आला, सरकारी कागद मराठीत निघू लागले आणि मराठी टंकलेखकांची गरज निर्माण झाली.

मराठी मशीन शिकणं इंग्रजीपेक्षा अवघड होतं, हे आज कुणाला सांगून पटत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. मात्रा, अनुस्वार मारले तरी कॅरेज पुढे सरकत नाही, कारण पुढचं अक्षर त्याच जागी बसायचं असतं. 'श', 'ण', 'ध' अशी कितीतरी अक्षरं अर्धी मारून त्यांना काना जोडायचा, तेव्हा ती पुरी होतात. म्हणून सरकारी जाहिरातींत मराठीला तीस आणि इंग्रजीला चाळीस शब्दांची अट असे. ज्याच्याकडे दोन्ही सर्टिफिकेटं, त्याला मी सांगायची की मुलाखतीत मराठीचा आकडा आधी सांग. तो कष्टाचा आहे.

साठच्या दशकात मुंबईत नोकऱ्यांवरून राजकारण फार तापलं, आंदोलनं झाली. दक्षिणेकडून येणारे टायपिस्ट-स्टेनो सगळ्या जागा घेतात, ही तक्रार घरोघर होती. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही तेच आहे. ती मुलं गावाकडून निघतानाच टायपिंग आणि पिटमनचं शॉर्टहँड शिकून यायची. आमची मुलं मॅट्रिकचा कागद घेऊन जायची. त्या आंदोलनांचा गाजावाजा झाला. सकाळी सहाच्या बॅचला येऊन, तासभर मशीन बडवून, मग कामावर किंवा कॉलेजला जाणाऱ्या मुलांबद्दल कुणी अग्रलेख लिहिला नाही. माझ्या मते मराठी मुलांना कचेऱ्यांत बसवण्यात त्या सहाच्या बॅचचा वाटा मोठा आहे.

आत्मविश्वास हा शब्द आमच्या क्लासात कुणी वापरत नसे. शनिवारी स्पीड टेस्ट व्हायची. उतारा संपला की ठोके मोजायचे, पाच ठोक्यांचा एक शब्द धरायचा, चुका लाल पेन्सिलीनं वजा करायच्या आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. बारा, अठरा, तेवीस, एकतीस. आपलाच आकडा चढताना बघणाऱ्या मुलीला 'तू हुशार आहेस' असं वेगळं सांगावं लागत नाही.

अंबरनाथहून येणारी एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. बोलताना मान खाली, आवाज पुटपुटल्यासारखा. एका खाजगी कंपनीत मुलाखतीला गेली. दोन साहेब भराभर इंग्रजीत प्रश्न विचारत होते, हिला एकाचंही उत्तर देता येईना. दोघं एकमेकांकडे बघून हसले. तेव्हा ती म्हणाली, "सर, मशीन द्या, मी टाइप करून दाखवते." तिनं पत्र टाइप केलं, समास सोडलेला, खाडाखोड नाही, कार्बन कॉपीसुद्धा स्वच्छ. नोकरी लागली. पेढे द्यायला आली तेव्हा मी तिला सगळ्या बॅचसमोर ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पुढे मी तेच शिकवलं: बोलता आलं नाही तर करून दाखवायची परवानगी माग.

मुलींसाठी या क्लासाचं मोल आणखी होतं. लग्न ठरेपर्यंत काहीतरी शिकावं म्हणून घरचे पाठवायचे, आणि सर्टिफिकेट हातात आल्यावर तीच मुलगी घरात सांगायची की आधी नोकरी, मग लग्न. महापालिकेत, कोर्टात, बँकेत, जिल्हा परिषदेत अशा किती जणी लागल्या आणि त्यांच्या पगारावर धाकट्यांची शिक्षणं झाली.

गोदरेजनं 2009 मध्ये यंत्रांचं उत्पादन थांबवलं. 2017 मध्ये महाराष्ट्रात यंत्रावरची सरकारी परीक्षा शेवटची झाली, आता ती संगणकावर होते. यंत्र बदललं याचं मला वाईट वाटत नाही. संगणकावर वेलांटी तरी अक्षरानंतर मारता येते.

वाईट वाटतं ते रजिस्टरांचं. क्लास बंद करताना लोक मशीन एखाद्या हौशी माणसाला विकतात आणि रजिस्टरं रद्दीत घालतात. त्यांत नाव आहे, गाव आहे, वडिलांचा धंदा आहे, दर आठवड्याचा स्पीड आहे आणि पुष्कळदा शेवटच्या रकान्यात 'कोठे लागला' हेही आहे. कुठल्या गावची मुलं कुठल्या कचेरीत गेली, हे त्यातून कळेल. ज्यांच्या माळ्यावर अशी रजिस्टरं असतील, त्यांनी ती आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्यावीत, आणि वाचनालयांनी ती नोंद करून ठेवून घ्यावीत.