फेफऱ्याची रोजची गोळी

फेफऱ्यावरचा घरगुती इलाज झटका आल्यावरच सुरू होई. नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरायची. मिनिट-दोन मिनिटांत झटका आपसूक ओसरे आणि श्रेय कांद्याला जाई. महाराष्ट्रातून ही रीत अजून पुरती गेलेली नाही. आयुर्वेदाने अपस्मारावर पंचगव्य घृतासारखी औषधे सांगितली होती. झटका येऊच नये म्हणून रोज औषध घ्यायचे, ही आधुनिक वैद्यकातली वहिवाट मात्र १८५७ नंतर पडली, आणि तीही चुकीच्या तर्कातून.

त्या वर्षी लंडनच्या एका वैद्यकीय सभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा अनुभव सांगितला. फेफऱ्याचे मूळ कामवासनेत असते अशी तेव्हाची समजूत होती, आणि ब्रोमाइडने वासना मंदावते म्हणून ते दिले जाई. समजूत खोटी ठरली, औषध टिकले. त्याच्यापायी चेहऱ्यावर पुटकुळ्या उठत, माणूस सुस्त आणि विसराळू होई.

१९१२ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून फेनोबार्बिटल दिले. रात्रीचे झटके कमी झालेच, दिवसाचेही घटले. स्वस्त असल्याने हे औषध आजही भारतात चालते. ते शरीरातून सावकाश, काही दिवसांत उतरते. गोळी चुकली त्या दिवशी सहसा काहीच बिघडत नाही आणि फसगत होते ती इथेच. एकदम बंद केले तर झटक्यांमागून झटके येऊन जिवावर बेतू शकते.

१९३८ मध्ये बोस्टनच्या मेरिट आणि पुटनम या डॉक्टरांनी मांजरांवरच्या चाचण्यांतून निवडलेले फेनिटॉइन पुढे आणले. त्याने फारशी गुंगी येत नसे, त्यामुळे गोळी घेऊन कामधंदा करणे सोपे झाले. पुढे रक्तातले औषधाचे प्रमाण मोजता येऊ लागले, तेव्हा ‘औषध लागू पडत नाही’ असा शेरा मिळालेल्या काही रुग्णांच्या रक्तात ते पुरेसे नसल्याचेच आढळले. अनेकदा गोळ्याच चुकलेल्या असत.

भारतात गोळ्या चुकण्यामागे विसराळूपणाइतकीच लपवाछपवीही असे. वारंवार येणारे फेफरे हिंदू विवाह कायद्यानुसार विवाहाच्या आड येई. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख वगळला. तरीही सासरी कळू नये म्हणून लग्नानंतर गोळ्या बंद करणाऱ्या मुली डॉक्टरांना त्यानंतरही भेटत राहिल्या.