नोंदवही कोणाच्या हातात?

मागच्या व्याख्यानानंतर खुर्च्या आवरणं चालू होतं, तेव्हा इथं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण आमच्याकडे आला. आपण पारधी समाजातले, हे त्यानं दुसऱ्याच वाक्यात सांगितलं. रात्रपाळी संपवून परतताना त्याला नाकाबंदीत थांबवलं होतं. सोबतच्या तिघांच्या गाड्या गेल्या, याची राहिली. नाव-गाव विचारून झाल्यावर पिशवी रस्त्यावर उलटी केली. एका सोबत्यानं मोबाइलवर चित्रण सुरू केलं, तर मोबाइल काढून घेऊन ते पुसून टाकलं. कुठला नाका, कोण पोलीस, हे आज बाजूला ठेवू. त्याचा प्रश्न साधा होता : "सर, पोलिसांचा व्हिडिओ काढणं गुन्हा आहे का?"

आम्ही म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग त्यांनी पुसला कसा?"

उभ्या उभ्या दिलेलं आमचं उत्तर अपुरं होतं. म्हणून आजचा विषय.

आधी कायद्याचं बघू. वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात एका नागरिकानं आत चाललेल्या बोलण्याचं मोबाइलवर चित्रण केलं. २०१८ ची गोष्ट. त्याच्यावर गुन्हा कोणता लागला असेल? शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. म्हणजे हेरगिरीचा कायदा! शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती गोळा करणाऱ्यांसाठी इंग्रजांनी केलेला. त्यात 'प्रतिबंधित ठिकाणां'ची व्याख्या आहे; त्या व्याख्येत शस्त्रागारं, तळ, गोद्या असं सगळं येतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, न्यायमूर्ती मनीष पितळे आणि वाल्मिकी मिनेझिस यांनी, जुलै २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. ती व्याख्या सर्वंकष आहे आणि तिच्यात पोलीस ठाणं नाही, इतकं सरळ कारण. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डीचं प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे आलं. तिथं चित्रण नव्हतं, पोलिसांशी झालेल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण होतं. कायदा मात्र तोच लावलेला, आणि न्यायालयाचं उत्तरही तेच.

इथं थोडं सावध राहायला हवं. या निकालांनी काय म्हटलं? ही हेरगिरी नाही, एवढंच. पोलिसांचं चित्रण करणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असं त्यांनी जाहीर केलेलं नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या अपील न्यायालयानं २०११ मध्ये तसं म्हटलं होतं. आपल्याकडे हेरगिरीचं कलम गळून पडलं, तरी 'सरकारी कामात अडथळा' शिल्लक राहतोच. तो कधी होतो आणि कधी नुसता लावला जातो, हे नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोण सांगणार?

पण आम्हाला खरा प्रश्न वेगळा वाटतो. टिपून ठेवणं ही गोष्ट पोलिसांना परकी आहे का? छे! पोलीस खातं म्हणजे मुळात नोंद ठेवणारं खातं. आणि त्या नोंदवहीचा सगळ्यात कडू इतिहास याच तरुणाच्या घराण्याचा आहे. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. एखादी जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना सरकारनं काढायची, आणि ती योग्य की अयोग्य हे न्यायालयात विचारायचं नाही, अशी तरतूद कायद्यातच होती. १९११ च्या कायद्यानं हे मुंबई इलाख्यात आलं. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट. माणसानं काही केलेलं असो वा नसो, नाव वहीत, बोटांचे ठसे वहीत, हजेरी वहीत. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. 'सेटलमेंट' हा शब्द तिथल्या लोकांच्या तोंडी अजून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. आणि १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला. आता जातीचं नाव कायद्यात नव्हतं, ते शिपायाच्या डोक्यात राहिलं. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलंय, त्यांना पोलिसांची धाड घरात कशी येते हे आम्ही वेगळं सांगायला नको.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून एक आडवळण घेतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो, तो आप्त. व्याख्या उत्तमच आहे. व्यवहारात मात्र आप्त कोण हे आधीच ठरलेलं असतं. स्टेशन डायरीत लिहिलं ते आप्तवाक्य. पारध्यानं सांगितलं ती कांगावखोरी. १८७१ च्या कायद्यानं केलं ते नेमकं हेच : काही लोकांना जन्मतःच अनाप्त ठरवलं.

मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात काय झालं, आठवा. मथुरा प्रकरण. आदिवासी मुलगी आत, दार बंद, दिवे मालवलेले, नातेवाईक बाहेर. अत्याचाराचा आरोप दोन पोलिसांवर. उच्च न्यायालयानं त्यांना दोषी धरलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलं. मुलीचा शब्द पुरेसा ठरला नाही. त्यावर कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार. त्यातून उठलेल्या आंदोलनामुळे १९८३ साली कायदा बदलला.

आता याच्या शेजारी मुंबईचा एक खटला ठेवून बघा. महापालिकेच्या कारकुनाला लाच देणाऱ्या माणसाचं बोलणं पोलिसांनी लपवलेल्या टेपवर घेतलं. ते चालेल का? चालेल, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये सांगितलं. प्रसंगाचा फोटो जसा पुरावा, तशीच त्या वेळची टेप. निकाल चुकीचा होता असं आम्ही म्हणत नाही. पण क्रम लक्षात घ्या. पोलिसांनी नागरिकाला चोरून टिपलं तर पुरावा, हे १९६७ ला ठरलं. नागरिकानं पोलिसांना टिपलं तर ती हेरगिरी नाही, एवढं ठरायला २०२२ उजाडलं.

मधल्या काळात ठाण्यातच कॅमेरे लावा, असा मार्ग निघाला. वडाळा रेल्वे पोलिसांच्या कोठडीतल्या मृत्यूवरून उच्च न्यायालयानं २०१४ साली राज्यातल्या सर्व ठाण्यांसाठी तसं बजावलं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी. चांगलंच आहे. पण तो कॅमेरा कोणाचा? परभणी आठवा. डिसेंबर २०२४. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, बंद, मग वस्त्यांमधली धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी, वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. कोठडीच्या चित्रीकरणात मारहाण दिसत नाही, असं विधिमंडळात सांगितलं गेलं. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्यानं मृत्यू, असं होतं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. ती आई न्यायालयात गेली नसती, तर आपल्या हाती कोणतं सत्य उरलं असतं?

मिनियापोलिसला २०२० मध्ये असंच होतं. जॉर्ज फ्लॉइडला वैद्यकीय त्रास झाला, असं पोलिसांचं पहिलं निवेदन. ते खोटं पडलं ते पदपथावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मोबाइलमुळे. वर्ण असो की जात, तिथंही आणि इथंही ज्याचा शब्द आधीच हलका, त्यालाच चित्राची गरज जास्त.

त्या तरुणाला आम्ही नंतर पुन्हा बोलावलं. काय सांगितलं, तेही सांगतो. तपासातली झडती आणि जप्ती यांचं चित्रण करणं १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेनं पोलिसांवरच बंधनकारक केलंय. तेव्हा 'तुमचं चित्रण सुरू आहे ना, साहेब?' असं नम्रपणे विचारता येतं. आपण काढायचं तर अंतर ठेवून, मध्ये न पडता. आणि मूळ मोबाइल जपायचा. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलंय : मूळ उपकरणच मालकानं साक्षीला येऊन दाखवलं तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही, नक्कल असेल तर लागतं. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली चित्रफीत म्हणजे नक्कलच.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, आणि मोबाइलच ठेवून घेतला तर?"

जप्त केला तर पंचनामा मागायचा. जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते, असं आम्ही सांगितलं. रात्री दोन वाजता, नाक्यावर, पंचनामा कोणाकडे मागायचा, हे त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला होता, तो निघाला.