नाटकाच्या तबकड्या

संगीत नाटक पाहून आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं पदें गुणगुणतो, आठ दिवसांनीं त्यास मुखडे तेवढे आठवतात, आणि कांहीं वर्षांनीं "अमका नट फार सुरेल गाइला" एवढीच साक्ष तो देऊं शकतो. ही साक्ष ग्राह्य मानावी कीं नाहीं हा प्रश्न नाट्येतिहासकारास नेहमींच छळीत आला आहे. ग्रामोफोननें तो सोडविला असें वरवर पाहतां वाटतें. पण सोडविला म्हणजे कितपत, हें एका विशिष्ट उदाहरणावरून पाहण्यासारखें आहे.

आपल्याकडे बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. परंतु त्या गायकाच्या नांवावर विकल्या गेल्या, नाटकाच्या नव्हे. एखादें पद तीन मिनिटांत आटोपतें घेतलें कीं काम झालें. 'मानापमाना'चा सबंध एक प्रयोग, त्यांतील पदांच्या मूळ क्रमानें, त्याच नटसंचाच्या तोंडून घरीं बसून ऐकावा ही कल्पना त्या काळीं कोणाच्या व्यापारी डोक्यांत शिरली नाहीं. लंडनमध्यें 1900 च्या सुमारास 'फ्लोरोडोरा' या संगीतिकेंतील गाणीं मूळच्या नटांकडून मुद्रित करून घेतलीं गेलीं होतीं. पण तीहि सुटींसुटींच. नाटकाचा नाटक म्हणून तबकड्यांवर संग्रह करण्याची चाल खरी रूढ झाली ती अमेरिकेंत, आणि तीहि एका संपाच्या छायेंत.

1 ऑगस्ट 1942 रोजीं अमेरिकेंतील वादकांच्या संघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. रेडिओ आणि तबकड्या जिवंत वादकांच्या तोंडचा घास काढीत आहेत, तेव्हां प्रत्येक तबकडीमागें संघास कांहीं हिस्सा मिळालाच पाहिजे, असा संघाचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांचा हट्ट होता. (हट्ट म्हटलें खरें, पण तो अगदींच अन्यायाचा होता असें मला वाटत नाहीं.) हा बहिष्कार चालू असतांनाच, 31 मार्च 1943 रोजीं, न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स नाट्यगृहांत रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचें 'ओक्लाहोमा!' रंगभूमीवर आलें. त्याचे पुढें 2,212 प्रयोग झाले. तिकिटांसाठीं झुंबड उडाली. पण नाटकाचें एकहि पद मूळ वाद्यमेळासह मुद्रित होईना. सप्टेंबरांत डेक्का कंपनीनें संघाशीं तडजोड केली, आणि तिचे प्रमुख जॅक कॅप यांनीं लगोलग मूळ नट, मूळ समूहगायक व मूळ वाद्यवृंदचालक जे ब्लॅकटन यांना मुद्रणगृहांत नेलें. वर्ष संपण्यापूर्वीं सहा तबकड्यांचा संच बाजारांत आला. छायाचित्रांच्या वहीप्रमाणें बांधलेल्या पुठ्ठ्यांत या तबकड्या ओळीनें घातलेल्या असत. म्हणून त्यास 'अल्बम' म्हणत. पुढें सर्व गाणीं एकाच तबकडीवर मावूं लागलीं, तरी नांव तेंच राहिलें.

सहा तबकड्या म्हणजे बारा बाजू, आणि बाजूस तीन मिनिटांहून थोडें अधिक. तीन तासांच्या खेळांतून इतकेंच घ्यावयाचें. पहिल्या अंकाच्या शेवटीं अ‍ॅग्नेस डिमिल हिनें बसविलेलें जें स्वप्ननृत्य पाहून प्रेक्षक थक्क होत, त्यास यांत स्थान नव्हतें. तीन पदेंहि गळलीं. तरी संच इतका खपला कीं राहिलेल्या पदांचा दुसरा संच 1945 सालीं काढावा लागला. आणि येथेंच इतिहासकारानें थबकावें.

त्या तीन पदांपैकीं 'लोन्ली रूम' हें जड फ्राय या पात्राचें पद. जड हा या आनंदी नाटकांतील काळवंडलेला कोपरा. शेतावरील चाकर, एकलकोंडा, कुढणारा, आणि अखेरीस स्वतःच्याच चाकूवर पडून मरणारा. रंगभूमीवर हें काम हॉवर्ड द सिल्व्हा करीत असे. परंतु दुसऱ्या संचांत हें पद गाइलें आहे तें आल्फ्रेड ड्रेक यानें, म्हणजे नायकानें! ज्याचा जड मनांतून द्वेष करतो त्याच्याच गोड कंठांतून त्याची व्यथा बाहेर पडते. पुठ्ठ्यावरील मजकुरास मूळ प्रयोगाचा पुरावा मानणारा श्रोता येथें सरळ फसतो.

1948 सालीं कोलंबिया कंपनीनें दीर्घ वाजणारी तबकडी आणली आणि तीन मिनिटांचा काच सुटला. याच कंपनीच्या गॉडर्ड लीबरसन यांनीं 1940 च्या 'पॅल जोई'चीं पदें 1950 मध्यें नव्यानें मुद्रित केलीं; तीं इतकीं आवडलीं कीं 1952 मध्यें तें नाटकच पुन्हां उभें राहिलें. 'माय फेअर लेडी'च्या वेळीं तर कोलंबियाच्या मालकांनीं नाटकाचा सारा खर्चच उचलला. ('पिग्मॅलियन'ची ही कथा मराठी वाचकांस पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळें घरचीच आहे.) 15 मार्च 1956 रोजीं पहिला प्रयोग, आणि दहाच दिवसांनीं, रविवारीं, मुद्रण. ज्यूली अँड्र्यूजच्या आवाजांतील ताजेपणा तेथें जसाच्या तसा आहे. तीनच वर्षांनीं लंडनमध्यें दोन कानांस वेगळें ऐकूं येणाऱ्या नव्या पद्धतीनें तेंच नाटक, तेच प्रमुख नट घेऊन पुन्हां मुद्रित झालें. यंत्र सुधारलें, पण माझ्या कानास त्यांत सरावाचा सफाईदारपणा अधिक आणि नवलाई कमी वाटते. 1964 च्या चित्रपटांत ऑड्री हेपबर्नच्या पदांपैकीं बहुतेक मार्नी निक्सन हिनें गाइलीं, आणि श्रेयनामावलींत तिचें नांवहि आलें नाहीं.

जागेची अडचण संपली तरी काटकसर मात्र संपली नाहीं. 1971 सालीं सोंडहाइम यांच्या 'फॉलीज'चीं पदें कॅपिटॉल कंपनीनें एकाच तबकडीवर कोंबलीं. कांहींचीं कडवीं छाटलीं, कांहीं पदें मुळींच घेतलीं नाहींत. 1985 मध्यें दुसऱ्या नटांकडून, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या साथीनें, तीं जवळजवळ संपूर्ण गाऊन घेतलीं गेलीं. पदें वांचलीं, पण जे नट 1971 च्या त्या रात्रीं उभे होते त्यांचे अर्धेच सूर आपल्या हातीं राहिले.

'ओक्लाहोमा!'चा चित्रपट 1955 सालीं निघाला, तेव्हां जडचें काम रॉड स्टायगरनें केलें आणि 'लोन्ली रूम' हें पदच गाळलें. हॉवर्ड द सिल्व्हाचा आवाज मात्र पहिल्या संचांतील एका द्वंद्वगीतांत ऐकूं येतो. नायक त्यास मरणाचीं गोड वर्णनें ऐकवीत असतो, आणि तो मध्येंच भोळेपणानें साथ देतो.